विकीचा सर्च इंडेक्स कुठे फुगतो, आणि तो आटोक्यात कसा आणला

ऑफिसच्या विकीची डिस्क भरत आली की पहिला सल्ला ठरलेला असतो : जुनी पानं उडवा. आमच्याकडेही तोच आला. सर्च इंडेक्सपुरता, म्हणजे शोधासाठी वेगळ्या ठेवलेल्या शब्दसूचीपुरता, तो जवळजवळ निरुपयोगी आहे. पानं उडवल्यावर इंडेक्स लगेच कमी होत नाही. पानांच्या जुन्या आवृत्त्या छाटणं तर निव्वळ वाया, कारण इंडेक्समध्ये फक्त चालू आवृत्ती जाते. पाचशे वेळा संपादित झालेलं पान आणि एकदाच लिहिलेलं पान, दोन्ही तिथे एकेकच नोंद. इंडेक्स फुगतो तो भलत्याच जागी. त्या जागा शोधायला आणि साफ करायला काय काय करावं लागलं, ते इथे क्रमाने लिहितो.

मांडणी अशी : विकी चालवणारं सॉफ्टवेअर मीडियाविकी 1.39, त्याला शोधयंत्राशी जोडणारी इलास्टिका आणि सायरससर्च (पुढे नुसतं सायरस) ही दोन एक्स्टेंशन्स, मागे इलास्टिकसर्च 7.10.2 हे शोधयंत्र, आणि हे सगळं एकाच लिनक्स सर्व्हरवर. ऑफिस पुण्यातलं. तांत्रिक मजकूर इंग्रजीत, पण एचआरची परिपत्रकं, सुरक्षेच्या सूचना आणि सरकारी नमुने मराठीत, बहुतेक पीडीएफ म्हणून चढवलेले. या पीडीएफनी जो गोंधळ घातला तो पुढे येईलच.

आधी लिखाणाचा रस्ता लक्षात घ्यावा. कोणी पान जतन केलं की मजकूर डेटाबेसमध्ये जातो आणि जॉब क्यूमध्ये, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, एक काम पडतं. ते काम चाललं की पान पार्स होतं (विकीच्या खुणा सोडवून मजकूर निघतो), त्याचा जेसन दस्तऐवज, म्हणजे रकान्यांत मांडलेली नोंद, बनतो आणि तो इलास्टिकसर्चकडे जातो. म्हणजे इंडेक्स बंद पडला तरी विकी चालूच राहते. लोक लिहितात, जतन होतं, फक्त शोधात सापडत नाही. म्हणूनच इंडेक्सचं दुखणं उशिरा कळतं. त्यातून जॉब चालवण्याचं काम वाचकांच्या भेटींवर सोडलेलं असेल (मीडियाविकीत मुळात तसंच असतं, दर भेटीला एक जॉब), तर ऑफिसच्या विकीवर रात्री आणि सुटीच्या दिवशी क्यू तुंबते. आम्ही ते प्रमाण शून्य केलं आणि जॉब चालवणारी स्क्रिप्ट सर्व्हरवर वेगळी सेवा म्हणून लावली. इंडेक्सचं मोजमाप त्याआधी करण्यात अर्थ नव्हता, कारण क्यूत अडकलेली कामं नंतर एकदम लोटतात आणि आकडे हलतात.

मोजायला बसलो तेव्हा पहिल्यांदा इलास्टिकसर्चच्या डेटा फोल्डरचा आकार आणि त्याच्या स्वतःच्या अहवालातला इंडेक्सचा आकार शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही जुळले नाहीत. फरक इंडेक्सचा नव्हताच. इलास्टिकसर्च ज्या जावावर चालतं त्याची मेमरी, म्हणजे हीप, संपून प्रक्रिया कोसळली की त्या मेमरीची प्रत असलेली हीप डंपची फाइल पडते, आणि डेबियन किंवा आरपीएम पॅकेजमधून बसवलेल्या इलास्टिकसर्चमध्ये ती पडण्याची जागा म्हणजे नेमकं डेटाचं फोल्डर. हीप 8 जीबीचा असेल तर एकेक फाइल जवळपास तेवढी होऊ शकते. नावाच्या शेवटी एचप्रॉफ असलेल्या या फाइल्स बिनधास्त काढाव्यात, पण मेमरी का संपली याचा छडा लागेपर्यंत शेवटची एक ठेवावी. लॉगचं फोल्डर त्याच पार्टिशनवर असेल तर तेही बघावं : गार्बेज कलेक्शनचे, म्हणजे जावाच्या मेमरी-सफाईचे, लॉग 64 एमबीच्या 32 फाइल्सपर्यंत फिरत राहतात, म्हणजे 2 जीबी तिथे गेलेच. इंडायसेस नावाच्या उपफोल्डरला मात्र हात लावायचा नाही. आतली लांबलचक नावांची फोल्डर अनाथ वाटतात, तशी ती नसतात. तिथली एक फाइल हाताने काढली तर अख्खा शार्ड, म्हणजे इंडेक्सचा एक भाग, उघडेनासा होतो.

मग इंडेक्सची यादी मागवली. कॅट इंडायसेस ही विनंती प्रत्येक इंडेक्सची एक ओळ देते : नाव, दस्तऐवजांची संख्या, हटवलेले दस्तऐवज, प्राथमिक शार्डचा आकार आणि एकूण आकार. सायरससर्च एका विकीसाठी दोन मुख्य इंडेक्स बनवतं. लेखांच्या नामविश्वासाठी (नामविश्व म्हणजे विकीवरच्या पानांचा एक गट) ‘कंटेंट’. आणि चर्चा, सदस्य, संचिका (चढवलेल्या फाइल्स), साचे (अनेक पानांत लावायचे तयार मजकूर) अशा बाकी सगळ्यासाठी ‘जनरल’. झटपट सुचवण्या चालू असतील तर तिसरा ‘टायटलसजेस्ट’. शिवाय इंडेक्सांची स्वतःची माहिती ठेवणारा एक छोटा मेटास्टोअर. आमच्या यादीत याहून बऱ्याच जास्त ओळी होत्या.

त्या जास्तीच्या ओळींचं कारण असं. इंडेक्सची रचना बदलायची असते तेव्हा सायरस जुन्या इंडेक्सशेजारी नवा बांधतं, त्याच्या नावापुढे युनिक्स वेळेचा आकडा लावतं, सगळे दस्तऐवज त्यात ओततं आणि शेवटी उपनाव, म्हणजे एलियस, जुन्यावरून नव्यावर फिरवतं. विकीला फक्त उपनाव माहीत असतं. मधेच स्क्रिप्ट तुटली (एसएसएच जोडणी गेली, मेमरी संपली, कोणी कंट्रोल-सी दाबलं) तर अर्धा भरलेला नवा इंडेक्स तसाच राहतो. विकी त्याच्याकडे कधी बघत नाही आणि तो आपणहून कधी पुसला जात नाही. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची एकेक प्रत साठत जाते. टायटलसजेस्ट रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) नव्याने बांधला जात असेल तर हे तिथेही होतं. म्हणून जुना इंडेक्स जागच्या जागी वापरण्याची, म्हणजे रिसायकलची सेटिंग चालूच ठेवावी.

ओळखायची पद्धत सोपी आहे. इंडेक्सची यादी आणि एलियसची यादी शेजारी ठेवायची. ज्या विकी-इंडेक्सला एकही एलियस नाही आणि ज्याच्यावर आत्ता कोणतीही स्क्रिप्ट चालू नाही, तो पोरका. तो पूर्ण नाव टाइप करून काढायचा. ताऱ्याचं चिन्ह, म्हणजे ‘जुळेल ते सगळं’ असं वाइल्डकार्ड, वापरून नाही, कधीच नाही. इलास्टिकसर्चच्या 7 मालिकेत डिलीटला वाइल्डकार्ड मुळात चालतं. ‘डिस्ट्रक्टिव्ह रिक्वायर्स नेम’ ही सेटिंग खरी करून ठेवली की ते दार बंद होतं. 8 पासून हीच सेटिंग मुळातच खरी असते, यावरून किती जणांचे हात पोळले असतील याची कल्पना यावी. पोरके इंडेक्स काढले की जागा तिथल्या तिथे मोकळी होते. या सबंध प्रक्रियेत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सुटका हीच. हे न बघता कोणी नवी डिस्क मागितली तर आधी ही यादी दाखवा म्हणावं.

शार्ड आणि रेप्लिका (शार्डच्या जादा प्रती) हा भाग थोडक्यात उरकतो. सायरस मुळात कंटेंट आणि जनरल दोन्हींना चार-चार शार्ड देतं; छोट्या विकीला एकेक पुरतो. शार्ड कमी करून आकार फारसा घटत नाही, पण प्रत्येक शार्डमागे हीपवर जो वरखर्च पडतो तो घटतो. ही संख्या नंतर बदलता येत नाही, नवा इंडेक्सच बांधावा लागतो. तेव्हा पुढच्या रीइंडेक्सबरोबरच, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधतानाच, उरकावं. रेप्लिका मुळात ‘0 ते 2’ अशा आपोआप पसरणाऱ्या असतात. एकच नोड (इलास्टिकसर्चचा एक सर्व्हर) असेल तर शून्य. दुसरा नोड जोडला की मागितलेली नसताना पूर्ण प्रत तयार होते आणि एकूण आकार दुप्पट दिसतो. अहवालातला एकूण आकार वाढला पण प्राथमिक आकार तसाच राहिला, तर कारण हेच.

आता हटवलेले दस्तऐवज. इथे ल्युसीन, म्हणजे इलास्टिकसर्चच्या पोटातली लायब्ररी, कशी लिहिते ते माहीत असायलाच हवं. इंडेक्स अनेक सेगमेंटचा बनलेला असतो आणि एकदा लिहिलेला सेगमेंट पुन्हा बदलत नाही. दस्तऐवज हटवला की त्यावर फक्त ‘गेला’ अशी खूण पडते. दस्तऐवज बदलला तर जुन्यावर खूण आणि नवा पूर्ण दस्तऐवज दुसऱ्या सेगमेंटमध्ये. जागा सुटते ती नंतर, सेगमेंट एकमेकांत विलीन होतात तेव्हा. म्हणून पानं उडवण्याचा सल्ला फसतो : जागा परत मिळण्याचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं. इलास्टिकसर्च 7 मध्ये हटवलेल्यांचं प्रमाण साधारण 33 टक्क्यांपर्यंत सहन केलं जातं, आणि नेहमीच्या विलीनीकरणातून 5 जीबीपेक्षा मोठा सेगमेंट बनवला जात नाही. तेव्हा हटवलेले दस्तऐवज एकूणाच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाइतके दिसले तर घाबरायचं कारण नाही; ती नेहमीची तब्येत आहे.

पण ऑफिसच्या विकीत इतके बदल येतात कुठून, हा प्रश्न उरतोच. लोक एवढं लिहीत नाहीत. उत्तर साच्यांत सापडलं. पाचशे पानांवर लावलेला ‘विभागाची माहिती’ असा एखादा साचा कोणी बदलला की ती पाचशे पानं पुन्हा पार्स होतात आणि प्रत्येकाचा दस्तऐवज पुन्हा लिहायला जातो. दुसरं, दस्तऐवजात ‘या पानाकडे किती दुवे येतात’ हा आकडाही असतो. एका पानात वीस दुवे घातले की त्या वीस पानांचे आकडे बदलतात, आणि एक आकडा बदलायला ल्युसीनला सबंध दस्तऐवज नव्याने लिहावा लागतो. यावर विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने ‘एक्स्ट्रा’ नावाचं प्लगइन केलं आहे. ते बसवून सायरसमध्ये ‘सुपर डिटेक्ट नूप’ चालू केलं की येणाऱ्या दुव्यांचा आकडा 20 टक्क्यांच्या आत हलला असेल तर लिखाणच टाळलं जातं. प्लगइनची आवृत्ती इलास्टिकसर्चच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते, 7.10.1 साठी बांधलेलं 7.10.2 वर बसत नाही, आणि जुळत नसलेलं प्लगइन आत राहिलं तर नोड सुरूच होत नाही.

फोर्समर्ज ही सेगमेंट जबरदस्तीने विलीन करणारी आज्ञा बघून हात शिवशिवतात. ‘एकच सेगमेंट करा’ असं सांगून चालवली की आकडा खाली येतो, खरं आहे. पण विकीचा इंडेक्स रोज लिहिला जातो. 5 जीबीच्या मर्यादेपलीकडचा एक प्रचंड सेगमेंट तयार झाला की नेहमीचं विलीनीकरण त्याच्या वाटेला सहजासहजी जात नाही, आणि त्यात नंतर पडणाऱ्या खुणा तशाच साचत राहतात. शिवाय तो बनताना जुने आणि नवे सेगमेंट दोन्ही डिस्कवर असतात, म्हणजे इंडेक्सएवढी मोकळी जागा आधी हवी. जागा नाही म्हणून चालवायची आज्ञा आणि तिलाच जागा लागते. अगदीच गरज पडली तर ‘फक्त हटवलेले झाडा’ हा पर्याय वापरावा. तो 10 टक्क्यांहून जास्त खुणा असलेल्या सेगमेंटांनाच हात लावतो. हटवल्याबरोबर लगेच चालवून मात्र उपयोग नाही : 7 मालिकेत हटवलेल्यांचा इतिहास रेप्लिकांसाठी 12 तासांपर्यंत धरून ठेवला जाऊ शकतो.

हे सगळं करूनही कंटेंट आणि जनरल अपेक्षेपेक्षा मोठेच राहिले. मग प्रश्न आला की एका दस्तऐवजात जातं तरी काय. ते बघायची उत्तम सोय सायरसमध्येच आहे : कोणत्याही पानाच्या पत्त्याला ॲक्शन म्हणून ‘सायरसडंप’ जोडा, त्या पानाचा इंडेक्समधला दस्तऐवज जसाच्या तसा समोर येतो. एकदा तरी प्रत्येकाने बघावा असा आहे. पानाचा साफ केलेला मजकूर एका फील्डमध्ये, म्हणजे रकान्यात, कच्चा विकीमजकूर दुसऱ्यात, सुरुवातीचा परिच्छेद तिसऱ्यात, तक्ते आणि चित्रांच्या ओळी चौथ्यात, मग मथळे, वर्ग, साचे, दुवे. याखेरीज डंपमध्ये न दिसणारी वाढ वेगळीच : तोच मजकूर एकदा शब्दांची मूळ रूपं काढून, एकदा जसाच्या तसा, आणि पुन्हा सगळ्यांचं एकत्र ‘ऑल’ फील्ड असा अनेकदा इंडेक्स होतो. मूळ मजकुराच्या कित्येक पट इंडेक्स असणं हा बिघाड नाही, त्याची रचनाच तशी आहे.

7.10.2 मध्ये ‘कोणतं फील्ड किती जागा खातं’ हे सरळ सांगणारी सोय नाही, ती 7.15 मध्ये आली. त्याऐवजी स्टॅट्सच्या विनंतीत सेगमेंटच्या फाइलप्रकारांचे आकार मागता येतात, आणि त्यावरून अंदाज चांगला बांधता येतो. एफडीटी मोठी असेल तर साठवलेला मूळ जेसन मोठा आहे. पीओएस मोठी, तर लांबलचक मजकूर आहे, कारण प्रत्येक शब्दाची जागा तिथे नोंदली जाते. टीआयएम, म्हणजे शब्दकोश, बाकीच्यांच्या मानाने मोठी असेल तर कुठेतरी एकेकदाच येणारे ‘शब्द’ ढिगाने आहेत. नीट भाषेत लिहिलेल्या मजकुराचा शब्दकोश एका मर्यादेनंतर फार वाढत नाही; कचऱ्याचा वाढतच राहतो. आमच्याकडे टीआयएमनेच बोट दाखवलं.

कचरा तीन प्रकारचा निघाला. पानांवर चिकटवलेले लॉग आणि स्टॅक ट्रेस (प्रोग्रॅम कुठे कोसळला त्याची यादी) : त्यातला प्रत्येक विनंती-क्रमांक, प्रत्येक हेक्स पत्ता हा आयुष्यात एकदाच येणारा शब्द. बेस-64 मधले, म्हणजे अक्षरांच्या रूपात लिहिलेल्या फाइल्सचे, मोठे ठोकळे : मजकुराचे शब्द पाडणारा मानक टोकनायझर 255 अक्षरांपुढे तोडतो, म्हणजे एका प्रमाणपत्राचे कित्येक निरर्थक तुकडे. तिसरा आणि सगळ्यात मोठा, पीडीएफ.

पीडीएफ हँडलर हे एक्स्टेंशन असेल तर फाइल चढवताना पीडीएफटूटेक्स्टने तिचा मजकूर काढला जातो, मेटाडेटात (फाइलविषयीच्या माहितीत) साठतो आणि संचिकेच्या दस्तऐवजात ‘फाइल टेक्स्ट’ म्हणून इंडेक्सला जातो. फाइलच्या आकारावरून काहीच कळत नाही, हे पहिलं ध्यानात घ्यायचं. 50 एमबीचं स्कॅन केलेलं करारपत्र इंडेक्सला शून्य भार देतं, कारण आत नुसती चित्रं असतात. एक्सेलमधून पीडीएफ केलेली 3 एमबीची स्टॉक यादी मात्र हजारो पानांचे आकडे आत लोटते. म्हणून विकीवरच्या शोधात माइमप्रकार, म्हणजे फाइलचा प्रकार, पीडीएफ देऊन यादी काढली, आणि त्या फाइल्सवर सर्व्हरवर पीडीएफटूटेक्स्ट चालवून निघणाऱ्या मजकुराचे बाइट मोजले. यादी त्या आकड्यावर लावली, फाइलच्या आकारावर नाही.

मराठी पीडीएफ इथे उघडे पडले. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये (कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी सुरेख) टाइप केलेल्या फाइलमध्ये देवनागरी फक्त दिसते. आत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. कृतिदेवमधला ‘मराठी’ हा शब्द बाहेर निघतो तो इ, जे, के, मोठा बी, एच असा. इंडेक्सला तो एक इंग्रजी शब्द वाटतो. त्यातही काही मराठी अक्षरांच्या जागी अर्धविराम, कंस असली चिन्हं येतात, तिथे टोकनायझर शब्द तोडतो आणि अर्धेमुर्धे तुकडे शब्दकोशात जातात. म्हणजे फाइल जागा खाते आणि ‘रजा’ किंवा ‘उपदान’ शोधलं तर सापडतही नाही. ओळखायला पॉप्लर या पीडीएफ-साधनांच्या पॅकेजमधलं पीडीएफफॉन्ट्स चालवावं, फाइलमधल्या फॉन्टची यादी मिळते. तिथे युनिकोड नकाशा आहे की नाही असा एक रकाना असतो, पण त्यावर विसंबू नये. जुन्या फॉन्टना नकाशा असला तरी तो रोमन अक्षरांचाच असतो. फॉन्टचं नाव वाचून ठरवावं.

उपाय दोनच कामाचे ठरले. चालू वापरातली परिपत्रकं युनिकोडमध्ये रूपांतरित करून नव्याने पीडीएफ केली. जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात, रूपांतर करणारी साधनं तिथेच अडखळतात. नुसत्या नोंदीपुरत्या ठेवलेल्या जुन्या फाइल्सच्या पानांच्या प्रतिमा काढून त्यांचीच पीडीएफ बांधली, म्हणजे मजकुराचा थर गेला, आणि संचिकेच्या वर्णनपानावर विषय, क्रमांक, वर्ष अशा चार ओळी नीट मराठीत लिहिल्या. शोधात आता त्या चार ओळी सापडतात. आधीच्या शेकडो पानांपेक्षा त्या जास्त उपयोगी आहेत. उरलेल्या सगळ्या फाइल्ससाठी, सायरसच्या नव्या आवृत्त्यांत फाइलमधल्या मजकुराच्या लांबीवर मर्यादा घालणारी सेटिंग आहे; मुळात मर्यादा नसते. अहवालाचा गाभा सहसा सुरुवातीच्या पानांत असतो, परिशिष्टं शोधायला कोणी येत नाही, तेव्हा मर्यादा घालायला कचरू नये.

मराठीपुरती आणखी एक गोष्ट. 7.10 मधल्या ल्युसीनमध्ये हिंदीसाठी विश्लेषक (शब्दांची मूळ रूपं काढणारा भाग) आहे, मराठीसाठी नाही. त्यामुळे रजा, रजेचा, रजेसाठी, रजेवर हे चार वेगळे शब्द म्हणून जातात. याने शब्दकोश थोडा वाढतो, पण तो भार कचऱ्यापुढे किरकोळ आहे. तिथे काटकसर करायला जाऊ नये.

ट्रायग्रॅम, म्हणजे तीन-तीन चिन्हांच्या तुकड्यांचं, फील्ड मात्र किरकोळ नाही. विकीमजकुरात रेजेक्सने, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन, शोधता यावं म्हणून एक्स्ट्रा प्लगइनच्या मदतीने ते बांधता येतं. ‘नोंदणी’ या शब्दात संगणकाच्या लेखी सहा चिन्हं आहेत : न, ओकार, अनुस्वार, द, ण, दीर्घ ईकार. त्यातून तीन-तीनचे चार तुकडे पडतात, आणि असेच सबंध पानाच्या कच्च्या मजकुराचे. त्यात लॉग चिकटवलेले असतील तर विचारूच नये. आमच्याकडे रेजेक्स शोध वापरणारे म्हणजे साचे सांभाळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते फील्ड बांधणं थांबवलं. कोणी मागितलं तर डेटाबेसच्या डंपवर ग्रेप (मजकूर शोधायची आज्ञा) मारून देता येतं.

प्रत्येक पानाच्या तळाशी असलेली मार्गदर्शक चौकट हाही एक छुपा भार. साच्यातून आलेला तिचा मजकूर प्रत्येक पानाच्या दस्तऐवजात उतरतो. ‘पगार’ शोधलं तर चौकटीत तो शब्द असलेली झाडून सगळी पानं हजर. चौकटीच्या बाहेरच्या डिव्हला ‘नॅव्हिगेशन-नॉट-सर्चेबल’ असा क्लास दिला की सायरस तो भाग वगळतं. साच्यात एका ठिकाणी बदल, परिणाम सगळीकडे. काही जण यासाठी ‘नोइंडेक्स’ हा जादूई शब्द घालतात. तो बाहेरच्या शोधयंत्रांसाठी आहे, सायरस त्याला भीक घालत नाही. तसंच, मुळात कोणत्या नामविश्वांत शोधायचं ही सेटिंग बदलून इंडेक्स कमी होत नाही. ती शोधताना लागू होते, साठवताना नाही.

एवढं बदलल्यावर इंडेक्स नव्याने बांधायचा. इथे दोन वेगळे रस्ते आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. रचना बदलली असेल (शार्ड, विश्लेषक, ट्रायग्रॅम) तर इंडेक्सची रचना अद्ययावत करणारी स्क्रिप्ट ‘रीइंडेक्स अँड रिमूव्ह ओके’ या पर्यायासह, ओळख म्हणून ‘नाऊ’ देऊन चालवायची. ती जुन्या इंडेक्समधला साठवलेला जेसन नव्यात ओतते. पानं पुन्हा पार्स होत नाहीत, म्हणून वेगाने होते. पण याचाच अर्थ असा की जुन्यातला कचराही जसाच्या तसा नव्यात येतो. मजकूर बदलला असेल (पीडीएफ, चौकटी, लांबीची मर्यादा) तर डेटाबेसपासूनच सुरुवात करावी लागते : त्याच स्क्रिप्टने ‘स्टार्ट ओव्हर’ म्हणत रिकामा इंडेक्स, मग पानं इंडेक्समध्ये भरणारी फोर्ससर्चइंडेक्स ही स्क्रिप्ट दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत दुवे मोजणं वगळून पानं भरायची, दुसऱ्या फेरीत पार्सिंग वगळून दुव्यांचे आकडे घालायचे. क्रम महत्त्वाचा, कारण दुवे मोजले जातात ते इंडेक्समधूनच, आणि रिकाम्या इंडेक्समध्ये मोजायला काही नसतं. दरम्यान शोध अर्धवट चालतो, म्हणून विकीच्या डोक्यावर सूचना लावून शुक्रवारी संध्याकाळी सुरू करावं, आणि टीमक्स किंवा स्क्रीनच्या आतच, म्हणजे जोडणी तुटली तरी स्क्रिप्ट चालू राहते. पीडीएफमधून मजकूर काढण्याची सेटिंग बदलली असेल तर त्याआधी प्रतिमांचा मेटाडेटा ताजा करणारी स्क्रिप्ट ‘फोर्स’सह चालवायला हवी, मजकूर तिथे साठलेला असतो, नाही तर जुनाच पुन्हा इंडेक्सला जातो.

पहिल्या रस्त्यावर डिस्कचा हिशेब आधी कागदावर करावा. समजा डिस्क 100 जीबी, इंडेक्स 40, बाकी सगळं मिळून 15. आज 55 टक्के, निवांत वाटतं. रीइंडेक्सच्या शेवटी जुना 40 आणि नवा 40 एकत्र उभे असतात : 95 टक्के. आणि 95 हाच आकडा असा, जिथे इलास्टिकसर्च त्या नोडवरच्या इंडेक्सना केवळ-वाचनाचं कुलूप लावतं. 85 आणि 90 च्या पायऱ्या शार्ड कुठे ठेवायचे यासाठी आहेत. 95 ला लिखाणच थांबतं. या कुलपात दस्तऐवज हटवता येत नाहीत, सबंध इंडेक्स मात्र हटवता येतो, म्हणून त्या क्षणी पोरका इंडेक्स शोधून काढणं हाच सुटकेचा मार्ग असतो. जागा होऊन वापर 90 च्या खाली आला की कुलूप आपोआप निघतं. ही सोय 7.4 पासूनची, त्याआधीच्या आवृत्त्यांत सेटिंग हाताने नल, म्हणजे रिकामी, करावी लागायची, आणि इंटरनेटवरचे बरेच सल्ले अजून तिथेच अडकलेले आहेत. जागा न करता कुलूप हाताने काढलं तर पुढच्या तपासणीत, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटात, ते परत लागतं.

कुलूप लागलेल्या काळातली संपादनं हरवण्याची शक्यता असते. जॉब पुन्हा प्रयत्न करतात, पण अनंतकाळ नाही. रीइंडेक्स चालू असताना झालेल्या बदलांचंही तेच. म्हणून सुरुवातीची वेळ लिहून ठेवायची आणि शेवटी फोर्ससर्चइंडेक्सला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ देऊन तेवढाच काळ पुन्हा भरायचा. हटवलेल्या पानांसाठी ‘डिलीट्स’ पर्यायासह वेगळी फेरी. त्यावर सेनिटाइझ ही स्क्रिप्ट : ती डेटाबेस आणि इंडेक्स पानागणिक ताडून बघते आणि इंडेक्समध्ये नसलेली पानं, डेटाबेसमध्ये नसलेली भुतं, चुकीच्या इंडेक्समध्ये बसलेली पानं असे तिन्ही प्रकार दुरुस्त करते. एखादं नामविश्व लेखांच्या यादीत घातलं किंवा काढलं असेल तर तिसरा प्रकार हमखास निघतो.

कोणी जागा वाचवायला मूळ जेसनच साठवू नका, म्हणजे ‘सोर्स’ बंद करा, असं सुचवतं. करू नये. पहिला रस्ता पूर्ण त्यावर उभा आहे, शोधनिकालातले उतारेही तिथूनच येतात.

आता रोज सकाळी एक क्रॉन इंडेक्सची यादी तारखेसह फाइलमध्ये लिहितो : दस्तऐवज, हटवलेले, प्राथमिक आकार. दस्तऐवज वाढले आणि आकारही त्या मानाने वाढला तर ते नेहमीचं. आकार वाढला आणि दस्तऐवज तेवढेच, तर मोठ्या फाइल्स किंवा साच्याचा बदल बघायचा. हटवलेले सतत 33 टक्क्यांच्या वर राहिले तर विलीनीकरण का अडलंय ते बघायचं, बहुतेक वेळा डिस्कच भरत आलेली असते. दुसरा क्रॉन एलियस नसलेल्या इंडेक्सची नावं मेलवर पाठवतो, काढत काहीही नाही. काढायचं ते माणसानेच, नाव वाचून. डिस्कची सूचना 85 वर न ठेवता ‘मोकळी जागा सगळ्यात मोठ्या इंडेक्सच्या दीडपटीखाली आली’ अशी ठेवली आहे. मर्जला आणि रीइंडेक्सला जागा लागते ती त्या इंडेक्सच्या मापाने, त्यामुळे टक्केवारीवर ठेवलेली सूचना मोठ्या डिस्कवर उगाच ओरडते आणि छोट्या डिस्कवर उशिरा उठते.